गुडघ्यावरचं पीठ

नदी एका जागी राह्यते असं ज्यायले वाटते, त्यायनं एक पावसाळा आमच्या काठावर काढावा. आमची वैनगंगा कधी एका जागी राह्यली नाई, आन काठावरच्या माणसायलेबी तिनं कधी निवांत बसू दिलं नाई. यंदा जिथी रेती, तिथी पुढच्या साली डोंगा बुडंल एवढं पाणी. जिथी डोंगा चाले, तिथी पुढच्या साली ढोरं फिरते. आम्ही ढिवर माणसं. आमच्याजवळ ना धानाची बांधी ना कापसाचं वावर. पावसाळ्यात मासोळी, आन पाणी उतरलं का रेतीवर टरबूज-डांगराची वाडी, यावरच सारं घर चालते. म्हणून रेती कुठी पडली आन कोणाच्या वाट्याले आली, हे आमच्यासाठी पोटाचं काम आहे.

माजं माहेर पिंपळटोला, म्हंजे चांद्याकडला काठ. सासर बोरघाट, म्हंजे गडचिरोलीच्या जंगलाकडला काठ. समोरासमोर दोन गावं, मधात नदी आन नदीच्या मधात रेती. माहेरी चूल पेटली तं सासरच्या अंगणातून धूर दिसे. लगनात साऱ्या बाया म्हणत, रंभाले माय नाई, पण बाप तरी डोळ्यासमोर आहे, बरं झालं पोरीचं. काय बरं झालं ते मलेच ठाऊक.

मालगुजार होता तवा तो काठावर खुर्ची टाकून बसे, कोणती रेती कोणाची ते सांगे, आन टरबुजाचा वाटा उचलून नेई. मालगुजारी गेली तशी खुर्चीबी गेली. पटवारी म्हणे, रेती आता सरकारची. असंल बाप्पा सरकारची, पण चांद्याहून कोणी साहेब टरबूज लावाले आला नाई. मंग दोन्ही गावच्या म्हाताऱ्यायनं आजे-पणज्यायच्या वेळची रीत पुन्हा काढली.

रीत अशी होती. कार्तिकी पुनवेनंतर पाणी निवळलं का एक बाई रेतीच्या मधात उभी करायची. ती बाई अशी पाह्यजे का जिचं माहेर एका काठावर आन सासर दुसऱ्या काठावर, म्हंजे ती दोघायचीबी आन एकट्या कोणाचीच नाई. तिच्या दोन्ही गुडघ्यायले तांदळाच्या पिठाचा घट्ट लेप लावायचा. मंग ती रेतीवरून चालत एका काठाले जाणार, लेप पाहून घेतला का परत येणार, नवा लेप लावून दुसऱ्या काठाले जाणार. ज्या काठाले जाताना पीठ कोरडं राह्यलं, त्या काठाची रेती. दोन्हीकडे कोरडं राह्यलं तं अर्धी-अर्धी. दोन्हीकडे धुतलं गेलं तं त्या साली रेती गंगामायची, कोणी टरबुजाचं बी टाकायचं नाई. हातात काठी घ्यायची नाई, मधात थांबायचं नाई, मागं फिरायचं नाई. आन काठावरून कोणी तिले आवाज दिला, तं तो काठ हरला.

माज्या आधी आमच्या बोरघाटची आशाबाई चाले, तिचंबी माहेर पिंपळटोल्यालेच. यंदा तिचे पाय सुजले, मंग माजं नाव निघालं. मले कोणी विचारलं नाई. बाईले काय विचाराचं, तिले तं चालाचंच आहे.

बरं, साल कोणतं आलं माज्या वाट्याले? ज्या साली नदीनं पिंपळटोल्याले खाल्लं ते. त्या भादव्यात असा पूर आला का आमच्या बाबाची घरामागची भाजीची बारी, बारीतला शेवगा, मासोळी वाळवाचा मांडव, अर्धं अंगण, सारं नदीत गेलं. काठावरचं बेहाड्याचं मोठं झाड मोडून वाहून गेलं. त्याचं थुटूक तेवढं दरडीच्या पोटात अडकून राह्यलं. पुराआधी रेती पिंपळटोल्याले चिकटून असे, लेकरूबी घोट्याएवढ्या पाण्यातून तिथी जाई. यंदा नदीनं तो काठ कोरून काढला आन सारी रेती बोरघाटच्या अंगाले आणून टाकली. पिंपळटोल्याच्या लोकायच्या पोटात खड्डा पडला. ते म्हणत, बोरघाटवाल्यायनं वरच्या अंगाले बांध घातला, पाणी मुद्दाम आमच्यावर सोडलं. बोरघाटवाले म्हणत, तुमचं पाप, तुमचा काठ ढासळला. आन दोघंबी शेवटी माज्याकडे पाहत.

नाव निघालं त्या दिवसापासून माजी सासू सुगंधाबाई माज्या मागं सावलीसारखी लागली. तोंडानं एक शब्द बोलायची नाई. पण मी पाण्याले निघाली का तीबी घागर घेऊन निघे, तिच्या घागरीत पाणी भरलेलं असलं तरी. मी अंगणात उभं राहून माहेरचा धूर पाह्यला का तिले तिथीच केर झाडाचं सुचे. दिवाळीत वारलू, माजा भाऊ, मले न्याले डोंगा घेऊन आला, तं म्हणे, यंदा राहू दे, तिचं अंग बरं नाई. माजं अंग ठणठणीत होतं. भाऊ गेल्यावर मी विचारलं, आत्याबाई, मले काय झालं? तं म्हणे, होऊ नये म्हणूनच ना.

नवरा लटारू तसा गरीब. पण त्याचंबी तेच. जेवताना घास तोंडात ठेवून विचारे, तुजा बाबा यंदा काय करंल वं? मी म्हणे, मले काय माहीत. मंग तो मान हलवे, म्हंजे तुले माहीत आहे पण तू सांगत नाई. तीन वर्षं संसार केला, पण त्या महिन्यात मी त्या घरात पाहुणी झाली, आन पाहुणीबी अशी का जिच्या मागं भांडे मोजून ठेवते. राग तं असा येई का घागर आपटून फोडावी. पण फोडली असती तं तेबी माहेरच्यायनं शिकवलं म्हटलं असतं.

पुनवेच्या आधीच्या बाजारात बाबा भेटला. बाबाचं नाव दादाजी, पिंपळटोल्यात त्याच्या शब्दाले वजन होतं. मुरमुऱ्याची पुडी माज्या हातात देऊन इकडलं-तिकडलं विचारलं. वाळून काटा झाला होता तो. बारी गेल्यापासून दुसऱ्याच्या डोंग्यावर जातो म्हणे. माजा जीव तुटला. मी म्हटलं, बाबा, घरी येऊन राहा चार दिवस. त्यानं आयकलंच नाई. आजूबाजूले पाह्यलं आन हळूच बोलला.

“चालशील तवा बेहाड्याच्या थुटकाकडे तोंड करून ये. सरळ ये. तिथी उतार आहे, पाणी उथळ.”

एवढं बोलून तो मिठाच्या दुकानाकडे गेला. मी पाह्यलं तं पलीकडे भांड्यायच्या दुकानापाशी सासू उभी. हातात तांब्या, डोळे माज्यावर. रस्त्यात तिनं विचारलं, काय म्हणे तुजा बाप? मी म्हटलं, तब्येत विचारली. ती म्हणे, तब्येत विचाराले एवढ्या हळू बोलाव लागते काय? मी मुरमुऱ्याची पुडी पदरात बांधली.

पण खरं सांगू, तिच्यापेक्षा मलेच बाबाच्या बोलण्याची जास्त शंका आल्ती. बेहाड्याच्या थुटकापाशी उतार कुठून येणार? काठावर जलमलेली पोरगी मी. ज्या जागी दरड ढासळते, त्या जागी पाणी धडका मारते, आन जिथी धडका मारते तिथी ते खोल असते. उतार असलाच तं खालच्या अंगाले, जिथी पाणी पसरून धावते तिथी असणार. हे बाबाले ठाऊक नाई असं कसं म्हणू? त्यानंच तं मले शिकवलं. मंग त्यानं मले खोल पाण्याकडे काऊन बोलावलं? पोरगी बुडवाची आहे काय? तसा विचार आला तं मीच माज्या तोंडात मारून घेतली. पण शंका गेली नाई. ढेकूण अंथरुणात शिरतो तशी ती शिरली, आन मी या कुशीवरून त्या कुशीवर.

चालाचा दिवस आला. सकाळी धुकं निघून गेल्यावर दोन्ही गावं आपापल्या काठावर जमले. दोन्हीकडची मोजकी माणसं रेतीवर आली. वरच्या गावची शकुबाई लेप लावाले आल्ती. तिच्या गावाले या रेतीचं ना घेणं ना देणं, म्हणून तिचा शब्द दोघंबी मानत. तिनं मले रेतीच्या मधात उभं केलं, लुगडं गुडघ्याच्या वर खोचाले लावलं आन पितळीतलं पीठ थापलं. तिचा हात गार होता. माज्या कानापाशी येऊन म्हणे, पोरी, कोणाकडे पाहू नको, पाण्याकडे पाहा.

रेती पाह्यली आन मले ओळखच पटंना. गेल्या साली जिथी आमच्या राखणीच्या झोपडीच्या मेढी होत्या, तिथी आता निळं पाणी संथ चाललं होतं. जिथी पाणी होतं तिथी रेतीचा उंच पट्टा निघाला होता, वाऱ्यानं त्यावर बारीक बारीक लाटा पाडल्या होत्या. काही ठिकाणी रेती अशी कडक का टाचेचा ठसा उठत नव्हता. चार पावलं पुढं गेलं का तीच रेती पाय गिळे, खालून काळा चिखल वर येई. मधामधात पुरानं आणलेले ओंडके, शिंपा, कोणाच्या घराची मोडकी चौकट. कोणाची कशाले, पिंपळटोल्याचीच असणार. एक टिटवी माज्या पुढं पुढं ओरडत पळत होती. तिची अंडी असतील जवळ, तिलेबी माजा भरोसा नव्हता.

पहिले सासरच्या काठाले गेली. तिकडे काही भेवच नव्हतं. पाणी पोटरीच्या अर्ध्यापरंत आलं आन उतरलं. काठावर सासू उभी होती, तिनं माज्या तोंडाकडे पाह्यलंच नाई, सरळ गुडघे पाह्यले. पीठ कोरडं. शकुबाईनं मागून येऊन बोट लावून पाह्यलं आन मान हलवली. बोरघाटवाल्यायच्या तोंडावर हसू आलं. अर्धं काम झालं होतं. आता माहेरकडे पीठ धुतलं गेलं का सारी रेती त्यायची.

परत मधात आली, नवा लेप लागला. शकुबाई म्हणे, जा. माज्या मागं रेतीवर लटारू आन गावची माणसं. पुढं पाणी, पाण्यापलीकडे ढासळलेली दरड, आन दरडीवर माजं सारं माहेर. बाबा पुढंच उभा होता, वारलू त्याच्या बाजूले. खालच्या अंगाले पाणी पसरून धावताना दिसत होतं, मनात होतं तिकडूनच जावं. पण म्हटलं, पाहू तं खरं बाबाचा उतार. मले पाह्यल्याशिवाय राहवलंच नसतं. मी बेहाड्याच्या थुटकाकडे तोंड केलं आन पाण्यात पाय टाकला.

पाणी गार, हाडापरंत गेलं. घोटा, मंग पोटरी. पायाखाली रेती सरकत होती, जशी धावत्या पाण्यात सरकते तशी. पोटरी बुडाली, गुडघ्याच्या खाली चार बोटं राह्यली. मले वाटलं, आता पुढच्या पावलाले गेलंच पीठ. मी दम धरला आन पाऊल टाकलं.

तं पाऊल वर आलं.

पायाखालची रेती सरकत नव्हती. पातळ थर होता तिचा, आन त्याच्याखाली काहीतरी टणक, चौकटी-चौकटीचं. मी अंगठा दाबला. बांबूचा तट्टा. त्याच्याखाली गोटे. पुढचं पाऊल टाकलं, तिथीबी तट्टा. दोन तट्टे जिथी जोडले तिथी पळसाच्या मुळीच्या दोरीची गाठ माज्या बोटात आली. पाण्याच्या पोटात कोणीतरी वाट बांधून ठेवली होती. गोटे भरून, वर तट्टे अंथरून, त्यावर रेती टाकून, वरून पाहणाऱ्याले काही दिसू नये अशी. एका-दोघाचं काम नाई ते. सारा टोला राबला असंल.

मी मान वर केली. शकुबाईनं पाहू नको म्हटलं होतं, पण पाह्यलं. बाबा माज्याकडे पाहत नव्हता. माजा बाप माज्या तोंडाकडे न पाहता माज्या पावलापुढच्या पाण्याकडे पाहून राह्यला होता, बरोब्बर तिथी, जिथी पुढचा तट्टा असणार. आन वारलू दुसरीकडेच पाहत होता, ढगाकडे. मंग मले काही शिल्लक राह्यलं नाई समजाचं.

थांबाचं नव्हतं, म्हणून मी चालत होती. पण डोक्यात असा जाळ झाला म्हणून सांगू. बारी गेली बाबाची, मले दिसत नव्हतं काय? अंगण गेलं, दुसऱ्याच्या डोंग्यावर जाव लागते, त्याचं दुख मले नव्हतं काय? रडली होती मी त्याच्यासाठी, चुलीपुढं, धुराचं नाव करून. मले घरी बोलवून सांगतलं असतं, का रंभा, आम्ही असं करून राह्यलो, तं मी भांडली असती, नाई म्हटलं असतं, नाईतर हो म्हटलं असतं, काय सांगावं. पण माणसानं माणसाले विचारलं तं असतं. यायनं विचारलं नाई. माजा पाय घेतला आन त्या पायानं चोरी करून घेऊन राह्यले होते. उद्या कोणाचा गळ त्या तट्ट्यात अडकला असता, तं चोर कोण? चालणारी. सासरी मेली असती ती चालणारी, आन माहेरची माणसं ढगाकडे पाहत राह्यली असती.

पीठ कोरडं होतं. काठ जवळ आला होता. अजून थोडं चालली असती तं अर्धी रेती बाबाची.

मी डावा पाय बाजूले टाकला, तट्टा सोडून.

पाणी एकदम मांडीपरंत आलं. दुसरा पायबी तिकडेच ओढला. लुगडं भिजलं, धारेनं मले ढकललं, पण मी पडली नाई, तशीच रेटत गेली आन दरडीखालच्या चिखलात चढली. खाली पाह्यलं तं दोन्ही गुडघे स्वच्छ, जसे नहाणीतून निघाले.

मंग शकुबाई डोंग्यात बसून आली, तिनं माजे गुडघे पाह्यले, आन दोन्ही काठायले आयकू जाईल असं सांगतलं का रेती यंदा बोरघाटची.

तवा वारलूले तोंड फुटलं. तो म्हणे, उतार होता, सरळ उतार होता, हिनं मुद्दाम सोडला, साऱ्यायनं पाह्यलं, पुन्हा चालवा हिले. पिंपळटोल्याची माणसं त्याच्या मागं सरकली. रेतीवरून बोरघाटवाले विचारत होते, कुठी होता उतार, दाखव तं. बाबा दरडीवरून खाली आला. माज्यापासून हातभर अंतरावर उभा राह्यला.

“जा,” तो म्हणे. “खाल्ल्या मिठाले जागली तू.”

कोणत्या मिठाले, मले विचाराचं होतं. पण पलीकडे लटारूनं धोतर वर खोचलं होतं. मी पाहतो कुठी उतार आहे ते, म्हणत तो पाण्यात उतरला. सरळ माज्याच वाटेनं येऊन राह्यला होता. पोटरी बुडाली त्याची. अजून दोन पावलं टाकली असती तं तट्टा त्याच्या पायाखाली आला असता, आन मंग त्या दिवशी वैनगंगेत पाणी लाल झालं असतं. लाठ्या दोन्हीकडे होत्या. बाबाचं तोंड पिठासारखं पांढरं पडलं. तो माज्याकडे पाहाले लागला. त्या साऱ्या दिवसात पहिल्यांदा त्यानं माज्या तोंडाकडे पाह्यलं.

मी जोरानं बोलली, साऱ्यायले आयकू जावं म्हणून.

“उतार-बितार काही नव्हता. खोल पाणी आहे इथी. माजा पाय घसरला.”

लटारू थांबला. शकुबाई म्हणे, झालं, रीत एकदा चालाची आहे, पुन्हा-पुन्हा नाई. लोक कुरकुरत पांगले. बाबा वळला आन दरड चढाले लागला. चढताना त्याचा पाय दोनदा सरकला, वारलूनं हात दिला तो त्यानं घेतला नाई. त्यानं मागं वळून पाह्यलं नाई. त्यानंतरच्या बाजारात तो दिसला तं मिठाच्या दुकानामागून निघून गेला. राग होता का लाज होती, मले अजूनबी समजलं नाई.

शकुबाईच्या डोंग्यात बसून मी सासरी आली. मले वाटत होतं, निदान इथी तं कोणी मले वाकडं बोलणार नाई. बोललंच नाई कोणी. काठावर बायायनं मले घेरलं, कोणी पाठीवर हात फिरवला, कोणी कोरडं लुगडं आणलं. आशाबाई सुजल्या पायानं तिथपरंत आल्ती, ती माज्या कानात म्हणे, भल्ली हिकमतीची निघालीस वं, माज्यानं नसतं झालं. मी म्हटलं, काय हिकमत? तं ती हसली आन माज्या गालाले हात लावला.

घरी आली तं सासूनं शेगडी पेटवून ठेवली होती, माज्यासाठी. लगन झाल्यापासून त्या घरात माज्यासाठी कोणी काही पेटवलं नव्हतं. शेगडीपाशी बसवून तिनं आतून गाठोडी आणली. टरबुजाचं बी होतं ते, घरचं, सासऱ्याच्या हातचं, तिच्याशिवाय कोणाले हात लावू देत नसे ती. माज्या मांडीवर ठेवलं. म्हणे, पहिलं बी तूच टाकजो यंदा. मले तुजी शंका होती, खोटं काऊन बोलू. बाजारात तुज्या बापानं तुले काही सांगतलं हे मी पाह्यलं होतं. आज समजलं, पोरगी आपली आहे.

मी म्हटलं, आत्याबाई, माजा पाय घसरला. ती म्हणे, हो बाई, घसरला. आन लुगड्याच्या पदरानं माजे केस पुसाले लागली.

मले ओरडून सांगाचं होतं. मी तुमच्यासाठी काही केलं नाई, मी कोणासाठीच वाकडा पाय टाकला नाई, सरळ चालली मी, साऱ्या नदीत एकटी मीच सरळ चालली. पण हे सांगाचं तं तट्ट्याचं सांगाव लागते, आन तट्ट्याचं सांगतलं का बाबा गेला. मी ते बी मांडीवर घेऊन बसून राह्यली. महिनाभर ज्या बाईनं माज्यावर डोळा ठेवला, ती आता मले खोटी समजून माजे केस पुसत होती, आन खरं सांगू, तिचा हात मले बरा वाटत होता. त्याचाच जास्त राग आला.

दिवस बुडाला तवा सासू म्हणे, आज सारे संगंच बसा. तीन ताटं वाढली, मासोळीचं कालवण, गरम भात. मी जेवता-जेवता लटारूकडे पाह्यलं. म्हटलं, हा तरी माजा नवरा आहे, याले तरी एवढं माहीत असावं.

“आयका,” मी म्हटलं. “मी बोरघाटसाठी म्हणून खोल पाण्यात पाय नाई टाकला. तुमच्या गळ्याची आण.”

त्यानं इकडे-तिकडे पाह्यलं, दाराकडे पाह्यलं, आन एक डोळा बारीक केला.

“मले काऊन सांगून राह्यली वं?” तो म्हणे. “मी काय बाहेर बोलतो?”

आन त्यानं आपल्या ताटातला मासोळीचा मोठा तुकडा उचलून माज्या ताटात टाकला. तीन वर्षांत पहिल्यांदा. सासूनं पाह्यलं आन न पाह्यल्यासारखं केलं. मी त्या तुकड्याकडे पाहत राह्यली. मंग भूक लागली होती, खाल्ला.